खोली नंबर तीनशे चार

डहाणूहून तलासरीकडे निघालात की वाटेत आमचं गाव लागतं. नाव लिहीत नाही, कारण माझी पेन्शन अजून तिथल्याच नगरपालिकेतून येते आणि उरलेले दिवस मला सुखाने काढायचे आहेत. तिथल्या बांधकाम खात्यात मी एकतीस वर्षं ओव्हरसियर होतो. स्वभावाने तापट. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि ज्यांचा होता त्यांची टवाळी करण्यात माझी अर्धी नोकरी गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला भोळसट समजणार नाही.

सांगायचं आहे ते रघ्याबद्दल. रघ्या आमच्याकडे रोजंदारीवर मोजणीची टेप धरायला होता. पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी मोहपाडा म्हणून पंधरा-वीस घरांची वस्ती आहे, तिथून तो रोज अकरा किलोमीटर सायकल मारत यायचा. चार महिने भात लावायचा, उरलेले आठ महिने आमची टेप. शून्याचं टोक त्याच्या हातात आणि आकड्यांचं माझ्या. बावीस वर्षांत त्याने टेप कधी ढिली सोडली नाही की कधी फाजील ताणली नाही. भिंतीकडे बघून तो उंची सांगायचा, तीही हातात. "नऊ हात आणि वर चार बोटं," असं बोलायचा, आणि मी मोजायचो तर तेवढीच भरायची. खुर्चीवर मात्र तो कधी बसला नाही. ऑफिसात यायची वेळ आली तर दाराशी एका पायावर भार देऊन उभा राहायचा, आणि काम झालं की कुणाला कळायच्या आत नाहीसा व्हायचा.

त्याची एकच खोड होती. रिकाम्या घरात तो हाक मारल्याशिवाय पाय टाकत नसे. नगरपालिकेने जुना जकात नाका पाडायला काढला तेव्हा मी ते पहिल्यांदा पाहिलं. त्या खोलीत पंधरा वर्षांत घुशीखेरीज कुणी राहिलं नव्हतं. तरी हा दारात उभा राहून हाका मारतोय. मी विचारलं, "कुणाला बोलावतोस रे, जावयाला?"

"कोण हाय ते ठाव नाय साहेब," तो बोलला. "म्हणून तर बोलवतो."

मग हळूहळू त्याच्याकडून कळलं ते असं. त्यांच्या पाड्यात झोपडी जुनी झाली की उतरवतात आणि दुसऱ्या जागी नवी बांधतात. उतरवण्याआधी घरातल्या मेलेल्या माणसांना नावाने तीन हाका मारायच्या. पहिल्या हाकेला ती कान देतात. दुसऱ्या हाकेला उठून दारात येतात. आणि तिसऱ्या हाकेला त्यांना नवा पत्ता सांगायचा, अगदी नीट, वाटेतली झाडं आणि विहिरी धरून. मग ती आपली आपण जातात. पत्ता चुकला तर? असं मी विचारलं होतं, थट्टेनेच. रघ्याने तंबाखूचा बार भरला आणि म्हणाला, "चुकत नाय. आपल्याच घराचा पत्ता कोण चुकेल?"

पुढे गावाचा विकास आराखडा मंजूर झाला. स्टेशनपासून नाक्यापर्यंतचा बाजाररस्ता अठरा फुटांचा होता, तो साठ फूट करायचा आणि मधे दुभाजक, दोन्ही बाजूंना दिवे. अठ्ठेचाळीस घरं-दुकानं रेघेत येत होती. भूसंपादनाच्या नोटिसा निघाल्या. सरकारी कागदात एक शब्द असतो, सार्वजनिक प्रयोजन. तो एकदा लिहिला की घर कुणाचं, किती पिढ्यांचं, हे विचारायची सोय उरत नाही. हरकती आल्या, सुनावण्या झाल्या. 'हरकत फेटाळण्यात येत आहे' असं मी स्वतः एका दिवसात एकतीस कागदांवर लिहिलं. मग लाल रंगाचा डबा घेऊन घरांवर नंबर टाकले.

त्यातला एकोणीस नंबर माझ्याच घरावर पडला. बाजारातल्या दोन खोल्या, माझ्या आईवडिलांनी भाड्याच्या घेऊन मग विकत घेतलेल्या. त्याच्या दोन वर्षं आधी आई तिथेच वारली होती. सरकारी नोकराने कुरकुर करायची नसते, म्हणून मी केली नाही. माझं घर मीच लाल केलं, आणि तेव्हा मला त्याचा थोडा अभिमानही वाटला. आज आठवलं की लाज वाटते.

ज्यांची घरं जाणार होती त्यांना जागा मिळणार होती. बाजारामागच्या मोकळ्या प्लॉटवर पुनर्वसन इमारत, तळमजला अधिक तीन. प्लॉटवर बोर्ड लागला, बोर्डावर इमारतीचं चित्र आणि चित्रात फिरायला निघालेली गोरीगोमटी माणसं, जी आमच्या गावात कुणी कधी पाहिली नाहीत. कुणाला कुठली खोली, ती यादी मी केली. एका दुपारी, पट्टी आणि पेन्सिल घेऊन. इमारतीचा नकाशा तेव्हा मंजूरही झालेला नव्हता. पण यादी नसेल तर ताबा घेता येत नाही, आणि वरच्या साहेबांना ताबा मार्चच्या आत हवा होता.

ताबा घ्यायच्या दिवशी दाराबाहेर जेसीबी उभा. पंचनाम्यात लिहावं लागतं की आत कुणी इसम नाही. ते बघायला मी रघ्याला पाठवत होतो. तो दारात उभा राही, हाक मारी, आत जाई, आणि बाहेर येऊन "रिकामं" असं सांगे. पहिलं घर धान्याच्या गुजराती व्यापाऱ्याचं होतं. त्याने रघ्याच्या हाका ऐकल्या, कुणी बघत नाही असं बघून त्याला बाजूला घेतलं आणि कानात म्हणाला, "मारा दादाचं नाव पण घे ने भाई. अंबालाल." दादा म्हणजे त्याचा आजा. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजाराला कळलं. एरवी रघ्याला पाणीसुद्धा वेगळ्या पेल्यात देणारी माणसं रांगेने त्याच्या कानाला लागली. कुणाचा आजा, कुणाची पहिली बायको, कुणाचा पाण्यात गेलेला भाऊ. देवाघरी गेलेली एवढी माणसं आमच्या बाजारात मुक्कामाला होती याचा मला पत्ताच नव्हता.

रघ्या माझ्याकडे आला. "साहेब, तिसऱ्या हाकेला पत्ता लागतो. यांचं नवं घर कुठं?"

हे त्याने पहिल्याच घराशी विचारलं होतं. मला घाई होती. जेसीबीचा तास वाया जात होता. मी यादी उघडली आणि वाचून दाखवू लागलो. अंबालाल, खोली नंबर एकशे तीन. पुढचा, दोनशे सात. रघ्याला वाचता यायचं नाही, पण एकदा ऐकलेला आकडा तो विसरत नसे. तो आत जाऊन सांगायचा, बाजारामागच्या मैदानावर नवी इमारत, अमुक माळा, अमुक खोली. त्याने एकदाही विचारलं नाही की ती इमारत कुठाय. सरकारी माणसाने कागदावर बघून सांगितलेलं घर, ते असणारच, असं त्याने धरलं. आणि मीही काही बोललो नाही.

जिजाचं घर एकतीस नंबरचं. जिजाचं माहेर धाकटी डहाणू. बाजारात एका खोलीत ती सुके बोंबील आणि जवळा विकायची आणि त्याच खोलीत मागे राहायची. नवरा लवकर गेला. चिमी नावाची एक मुलगी होती, ती आठव्या वर्षी काविळीने गेली. त्याला तीस वर्षं होऊन गेली तरी जिजाच्या कोनाड्यात चिमीचे पाच सागरगोटे ठेवलेले असत, तेल लावून चकचकीत केलेले. बाकीच्यांनी रघ्याच्या कानात एक नाव सांगितलं आणि बाजूला झाले. जिजा बराच वेळ बोलत होती. पोर अंधाराला भिते, जिन्यावर हात धरायला लागतो, असलं काहीबाही. मी घड्याळ बघत होतो.

रघ्या आत गेला. तीन हाका ऐकू आल्या. बाहेर येऊन जिजाला म्हणाला, "गेली. तीनशे चारमधी. खिडकी हाय तिथं, साहेब बोललेत." जिजाने पदराने डोळे पुसले आणि सागरगोटे शोधायला कोनाड्यात हात घातला. कोनाडा रिकामा होता. मी म्हटलं, सामान हलवताना पडले असतील कुठे.

माझ्या घराशी आलो तेव्हा मी रघ्याला बजावलं, "माझ्याकडे हाकाबिका नकोत. बघ आणि ये." तो दाराशी जाऊन थांबला. मग आत गेला. जरा जास्तच वेळ लागला. बाहेर येऊन म्हणाला, "रिकामं." आणि जेसीबीने दोन टोल्यांत एकोणीस नंबर आडवा केला.

रस्ता झाला, दिवे लागले. इमारत काही झाली नाही. टेंडर निघालं, रद्द झालं, कोर्टात गेलं, परत आलं. बाजारातली माणसं मिळेल तिथे पांगली. मी चिखल्याला, शेजारच्या गावात, सासऱ्यांनी दिलेल्या तुकड्यावर घर बांधलं. जिजा भाताच्या गिरणीमागे भाड्याने राहू लागली आणि दर अकरा महिन्यांनी खोली बदलू लागली. सहा वर्षं प्लॉटवर तो बोर्ड आणि गुडघाभर गवत, एवढंच होतं.

आता जे सांगतो ते आधी इतरांनी पाहिलं आणि मी हसण्यावारी नेलं. त्या गवतात बकऱ्या शिरत नसत. कडेकडेने चरायच्या, पण एका सरळ रेघेशी येऊन थांबायच्या. संध्याकाळी बगळ्यांचा थवा खाडीकडून यायचा, तो प्लॉटजवळ आला की हवेतच काटकोनात वळायचा आणि पलीकडे जाऊन पुन्हा सरळ व्हायचा. भिंतीला वळसा घातल्यासारखा. तिथे भिंत नव्हती, काहीच नव्हतं.

एका दुपारी रघ्या ऑफिसात आला. दाराशी उभा राहिला नाही, थेट माझ्या टेबलापर्यंत आला. मी तिथेच समजायला हवं होतं.

"साहेब, बिल्डिंग कधी व्हायची?"

"फाईल वर गेली आहे."

"माणसं बी वर हायत," तो म्हणाला. "मी धाडली त्यांना. तुम्ही पत्ता दिलात, मी सांगितला. ती तिथंच जाऊन राह्यलीत. कोण पहिल्या माळ्यावर, कोण तिसऱ्या. खाली काय नाय त्यांच्या."

मी त्याच्यावर ओरडलो. सगळं ऑफिस ऐकेल असा ओरडलो. काय बोललो ते लिहायची माझी हिंमत नाही. रघ्या ऐकून घेत उभा राहिला. मग म्हणाला, "आपल्याच घराचा पत्ता कोण चुकेल, असं मी बोललो होतो. मला काय ठाव, घर नसलं तरी पत्ता असतो." आणि तो निघून गेला.

त्यानंतरच्या मे महिन्यात प्लॉटची फेरमोजणी निघाली. नकाशा बदलायचा होता. मी आणि तुषार नावाचा नवा इंजिनीयर, पोरसवदा पण हुशार, दुपारी बाराला तिथे गेलो. ऊन असं की सावली पायाखाली गेलेली. वारा पडलेला. तुषार सावलीला गाडीत जाऊन बसला आणि मी बोर्डाजवळ कागद पसरला. कागदावर टप्पकन पाण्याचा थेंब पडला. मग आणखी एक. वर पाहिलं तर आभाळ कोरडं ठणठणीत. खाली पाहिलं तर जमिनीवर थेंबांची एक रांग उमटत होती, सरळ, दोन हात लांब, दोरीवर धुणं वाळत घातल्यावर खाली उमटते तशी. मग आवाज आले. फरशीवर सागरगोटे टाकल्याचा खळखळाट, थांबून पुन्हा खळखळाट. त्याच्या अलीकडे, जरा खालून, खलबत्ता कुटल्याचा आवाज. दोन जोराचे टोले, एक हलका. दोन जोराचे, एक हलका. माझी आई पानसुपारी अशी कुटायची. मी मनाला बजावलं, असे खलबत्ते गावात शंभर असतील.

एवढ्यात कंपाऊंडच्या तारेशी जिजा येऊन उभी राहिली. तिला मी दिसलो नसेन. तिने मान वर केली आणि हाक मारली, "चिमी गो!"

"ओ आये!" वरून आलं. लहान पोरीचा आवाज, खेळात व्यत्यय आल्यासारखा. तीस फुटांवरून, रिकाम्या हवेतून.

 जिजाने मला पाहिलं, पण ती दचकली नाही. "रोज ओ देते," ती म्हणाली. "जेवणाच्या वेळेला येऊन बघते मी. खाली ये बोलली तर बोलते, जिना कुठाय?"

जिना कुठाय. मी नकाशा गुंडाळला आणि गाडीत जाऊन बसलो. तुषारने विचारलं, "काय झालं सर, चक्कर आली का?" मी हो म्हटलं. त्याने काही ऐकलं होतं की नाही, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

नवा नकाशा आला तेव्हा त्यात पुनर्वसन नव्हतंच. तळमजला अधिक एक, सगळे विकाऊ गाळे. विस्थापितांना पैसे देऊन मोकळं करायचं. दुसरा आणि तिसरा माळा रद्द. पुढच्या महिन्यातल्या एका सोमवारी नारळ फुटणार होता. मी रघ्याला शोधत, मजूर उभे राहतात त्या नाक्यावर गेलो, आयुष्यात पहिल्यांदा. त्याला सांगितलं.

"म्हणजे तीनशे चार?"

"होणार नाही. कधीच."

"आणि खाली स्लॅब पडला की?"

 स्लॅब पडला, गच्चीला पत्रे लागले, गाळ्यांना शटर बसली, की वरच्यांना वाट उरणार नव्हती. जिजाची पोर त्या उन्हात जिना शोधत राहणार होती आणि खाली लोक मोबाईलची कव्हरं विकत घेणार होते. मला त्या क्षणी रडू आलं. भर नाक्यावर, रिक्षावाल्यांसमोर. रघ्याने मला टपरीवरून पाणी आणून दिलं.

मी म्हटलं, "बोलाव तिला खाली. जिजाच्या खोलीवर घेऊन जा."

"भाड्याच्या खोलीचा पत्ता कसा देऊ?" तो म्हणाला. "अकरा महिन्यांनी परत कुठं धाडू? एकदा चुकलो मी साहेब. आता ज्या घरातून कोण उठ बोलणार नाय, त्याच घराचा पत्ता द्यायचा."

तीन आठवडे तो कामावर आला नाही. नंतर कळलं की मोहपाड्यावर स्वतःच्या घराला लागून, स्वतःच्या जमिनीत, तो आणि त्याची बायको नवशी कारवीच्या काठ्यांच्या कुडाचं एक घर बांधत होते. शेणाने सारवलेलं, एका खोलीचं, पुढे पडवी. नगरपालिकेला सहा वर्षांत न जमलेलं काम त्या दोघांनी वीस दिवसांत केलं. जिजाने तिथे बोंबलांची टोपली आणि दोन पातेली नेऊन ठेवली. चूल पेटली. मग रघ्या माझ्याकडे आला.

"तीनशे चारचं दार किती उंच, ते सांगा. आणि कुठं, ते दाखवा. बाकी मी करतो. दुसऱ्यांची पक्की घरं कळली की त्यांना बी आणू, स्लॅब पडायच्या आत."

"खालून हाक मारली तर?"

"खालून मारली तर ओ देतात. येत नायत. दारात जाऊन आणायला लागतं."

नारळ फुटायच्या आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही प्लॉटवर गेलो. मी जुना नकाशा काढला, जो कधी बांधलाच गेला नाही तो. रघ्याने टेपचं शून्य धरलं, मी आकडे. जोत्याचे दोन फूट, माळ्यागणिक दहा, म्हणजे बत्तीस फूट. जमिनीवर चुन्याची फक्की मारून मी खोल्या आखल्या, जिना आखला, बोळ आखला, आणि तीनशे चारच्या उंबऱ्यावर फुली केली. एकतीस वर्षांच्या नोकरीत इतकी काळजीपूर्वक आखणी मी केली नव्हती. बकऱ्या जिथे थांबायच्या ती रेघ आणि माझी बाहेरच्या भिंतीची रेघ एकच आली.

रघ्याने पाड्यावरून टेम्पोभर बांबू आणले होते. भाताच्या शेतात राखणीचा माळा बांधतात तसा माळा त्याने सुंभाने आवळून उभा केला, फक्कीच्या फुलीवर, आणि त्याला आडव्या पायऱ्या बांधल्या. सकाळपासून लागला होता, बाराच्या सुमाराला झालं. जिजा बोर्डाच्या सावलीत बसली होती. रस्त्यावर पाड्याकडे जाणारी टमटम थांबवून ठेवली होती, तीन सीट सांगून.

वर सागरगोटे वाजत होते. मी शिडीचा पाया धरला. रघ्या साठीचा माणूस, पण चढला तो घाई न करता, एकेका पायरीला हात लावून. वर पोचल्यावर त्याने दाराला हात लावावा तसा हवेत हात पुढे केला, आणि त्याचा तळवा कशावर तरी टेकला. ते मी खालून, उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

"चिमी," त्याने हाक मारली.

सागरगोटे थांबले.

"चिमी."

काही सरकल्याचा, लहान पावलांचा आवाज. मी हातातला बांबू घट्ट धरला.

"चिमी, मी रघ्या. मागं मी तुला चुकीचं सांगितलं. आता खरं सांगतो. इथून नाका, नाक्यावरून सरळ डोंगराकडं. दोन ओहोळ लागतील. मोठा मोह लागंल, त्याच्या उजव्या हाताला विहीर. विहिरीच्या वर दोन घरं. एक माझं. दुसरं तुझ्या आयचं. तिथून तुम्हाला कोण उठवणार नाय. चल."

मग तो उतरू लागला. एकाच हाताने. दुसरा हात त्याने बाजूला, कमरेच्या उंचीवर धरला होता, बोटं किंचित मुडपून. एक पायरी उतरायचा आणि थांबायचा, कुणाची तरी छोटी पावलं खाली टेकेपर्यंत. बत्तीस फूट उतरायला त्याला अर्धा तास लागला असेल. दहा फूट उतरल्यावर तो हवेकडे तोंड करून काहीतरी पुटपुटला, आणि मग मान वळवून त्याने कुणाला तरी म्हटलं, "खाली नको बघू." शेवटच्या पायरीशी काहीतरी टणटण करत घरंगळत आलं आणि जिजाच्या पायाशी थांबलं. सागरगोटा. तेल लावल्यासारखा चकचकीत.

जिजा उठली. रघ्याने बाजूला धरलेला हात तिच्या हातात दिला. तिची बोटं मिटली. ती खाली बघून एवढंच म्हणाली, "किती वाळलीस गो. चल, भात केलाय." आणि सागरगोटा उचलून ती टमटमकडे चालू लागली, जरा वाकून, एक खांदा खाली करून.

मला वाटलं त्या दिवसाचं संपलं. मी रघ्याच्या खांद्यावर हात ठेवला, काही तरी चांगलं बोलावं म्हणून. तो शिडीपाशीच उभा होता.

"साहेब, तुमची आय बी वर हाय. दोनशे चारमधी."

माझा जुना तापटपणा उसळून आला. "तुला सांगितलं होतं ना, माझ्या घरात हाका नकोत म्हणून!"

"मग जेसीबीखाली ठेवू काय तिला?" रघ्या पहिल्यांदाच माझ्यावर चढ्या आवाजात बोलला. "तुमच्या यादीत तुमच्या नावापुढं दोनशे चार होतं. तुम्हीच वाचलात. मी तेच सांगितलं तिला."

यादी मीच केली होती. पट्टीने, पेन्सिलने. वर, हातभर अंतरावर असल्यासारखा स्पष्ट, खलबत्ता वाजत होता. दोन जोराचे, एक हलका. सहा वर्षं मी त्या प्लॉटच्या कडेने रोज ऑफिसला गेलो होतो.

"आण तिला खाली," मी म्हटलं.  "तूच आण. तुझ्या पाया पडतो."

"आता उतरताना तिच्या दाराशी थांबलो होतो मी. हाक मारली. ती माझ्याबरोबर येत नाय." रघ्याने घाम पुसला. "बोलली, ज्याने पत्ता दिला त्याला पाठव."

रस्त्यावर टमटमवाला हॉर्न मारत होता. रघ्याने शिडीचा पाया दोन्ही हातांनी धरला, मघाशी मी धरला होता तसा, आणि माझ्याकडे बघितलं.

"तुमच्या घराचा पत्ता खरा हाय ना, साहेब?"

चिखल्याचं घर. तळमजल्याचं, पुढे तुळस, मागे चिकूची सहा झाडं, माझ्या नावावर. मी हो म्हटलं.

"मग वाट नीट सांगा तिला. झाडं धरून."

वरचा खलबत्ता थांबला. मी चपला काढल्या.